भाभीची मोटर

हंबीररावनं चहा बशीत ओतून संपवला, बशी उपडी घातली आणि म्हणाला, "मोटर पायजे. त्याबिगर मी गाडी घाटाकडं काढत न्हाय. राग माना न्हायतर लोभ माना."

कुणी राग मानला नाही आणि लोभही मानला नाही. आषाढाचा पाऊस कौलं बडवत होता. सोप्याच्या एका अंगाला लालासाब कल्हईवाला गुडघे छातीशी घेऊन बसला होता. त्याची म्हातारी आई इमामबी भिंतीला टेकून तसबीचे मणी ओढत होती. आतल्या उंबऱ्यावर कुलसुम सुपात तांदूळ निवडत होती. गाडी तिची. म्हणजे तिच्या नवऱ्याची, लालासाबच्या धाकट्या भावाची, बाबालालची. बाबालाल गेल्या भादव्यात घाटात गेला आणि गाडी मागं राहिली. आता हंबीरराव ती चालवायचा आणि कुलसुमचं घर त्यावर चालायचं.

"कुठली मोटर?" लालासाबनं विचारलं. त्याला ठाऊक होतं. पण माणूस जरा वेळ काढायला असं विचारतो.

"हीटरची हो. डॅशबोर्डामागं पत्र्याचा डबा हाय, त्यात मोटर असती. डबा हाय, मोटर न्हाय. इंजिनाकडनं आलेल्या गरम पाण्याच्या नळ्या बी एकमेकीला जोडून टाकल्यात. कुणी केली ही अवदसा?"

सगळ्यांनी कोपऱ्याकडं बघायचं टाळलं. टाळलं नाही ते एकीनंच, लालासाबच्या बायकोनं, सलिमानं. तिथं पोत्याखाली कल्हईचं सामान होतं आणि त्या सामानात ती मोटर होती. सलिमानं सरळ तिकडं बघितलं. मोटर तिचीच होती. कोडोलीतली आख्खी गल्ली तिला 'भाभीची मोटर' म्हणायची.

आता कल्हईवाल्याच्या घरात सून आणताना आधी तिचे दंड बघतात अशी थट्टा आहे, आणि ती सगळी थट्टा नाही. नवरा भांडं धरणार, नवसागर मारणार, कथील फिरवणार. भाता ओढायचा बायकोनं. सलिमानं लग्न झाल्यापासून कातड्याचा भाता ओढला. उजवा खांदा आधी दुखला, मग धरला, मग त्यानं आपली वाटच बदलली. वेणी घालायची तर सासूकडून. नमाजाला हात खांद्यापर्यंत उचलेना. तरी ती ओढत होती. दुसरं कोण ओढणार?

त्यातच बाबालालनं लिलावात ही गाडी घेतली. कुणा परदेशी डॉक्टरणीनं बोटीतनं आणलेली जुनी व्हॅन. गावानं तिचं नाव 'मडमेची गाडी' पाडलं. चैताच्या उन्हात गाडी चालवायला बसलं की पायांवर गरम वाफ यायची, कुठलंही बटण फिरवा. बाबालाल म्हणाला, कोल्हापुरात हीटर म्हणजे म्हशीला स्वेटर. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या गणपतरावाकडं गेला, मोटर काढून घेतली, तिला पत्र्याचं नळकांडं बसवलं, जुन्या बॅटरीच्या तारा जोडल्या आणि आणून भाभीपुढं ठेवली. "दाब बटण."

सलिमानं दाबलं. मोटर कण्हली, मग सुरात लागली आणि भट्टीतले कोळसे फुलून लाल झाले. तिनं हातात हात घेतले आणि नुसती बसून राहिली. काम चाललंय आणि आपण बसलोय, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा जमलं होतं.

"तुझ्या मडमेला सांग, लई उपकार झालं," ती म्हणाली होती.

"मडम गेली तिच्या देशाला. आता हितली मडम तू," बाबालाल म्हणाला होता.

अशी ती मोटर. आता हंबीरराव ती मागत होता.

"खरं, हंबीरराव," लालासाब म्हणाला, "हितं थंडी ती किती. पाय गारठत असतील तर पोतं घ्या की पायावर."

हंबीरराव कळे गावचा. ट्रकवर त्याची निम्मी उमर गेली होती. तो हसला नाही. "पाय गेलं चुलीत. ती मोटर पायासाठी न्हवं, काचेसाठी. पावसात काचा लावून आत माणसं बसली, ओला माल भरला की श्वासानं, वाफंनं पुढची काच आतनं धुरकटती. वायपर भाईरनं फिरतोय, त्यो आतलं काय पुसणार? गरम वारा काचेवर सुटला की काच मोकळी. हितं कोडोलीच्या लाइनीला चालतंय, फडक्यानं पुसत जायाचं. खरं गगनबावड्याकडं भाईर धुकं, आत धुकं. वळणावर पुसायला हात काढला की संपलं."

संपलं, म्हणाला आणि त्याला कळलं आपण कुणाच्या घरात बसलोय. त्यानं उपडी बशी उलटून सरळ केली.

भादव्यात बाबालाल घाटाकडून बिनशिटांची गाडी घेऊन येत होता. मागं भिजलेली पोती. ओढ्यावरच्या मोरीपाशी गाडी कुशीवर गेली. गाडीला दोन पोचे आले आणि माणूस गेला. लोक म्हणाले ब्रेक लागला नसेल, कुणी म्हणालं गवा आडवा आला, इमामबी म्हणाली नजर लागली. काच म्हणून कुणी म्हणालं नव्हतं.

सलिमाला तेव्हा रडू आलं नव्हतं. गल्ली रडली, लालासाब भिंतीवर डोकं आपटून रडला. ती म्हातारीला धरून बसली, आल्यागेल्याला पाणी देत राहिली. तेव्हापासून तिच्या अंगावरनं कुणी कथलाचा हात फिरवल्यासारखं झालं होतं. वरून सगळं नीट, आत काही पोचत नव्हतं. आताही पोचलं नाही. तिनं ऐकलं, आणि तिला एवढंच कळलं की उठलं पाहिजे.

"पाना कुठाय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"अगं, बघू की. दुसरी कुठं मिळती का—"

"दुसरी मिळत न्हाय," हंबीरराव खाली बघत म्हणाला. "म्या पुण्यापातूर इचारलंय. तसली गाडीच ऱ्हायली न्हाय कुणाकडं. आणि घाटाची लाइन सोडली तर हितं काय खायाचं कुलसुमवैनींनी? कोडोली-कोल्हापूरला शिटा भरणाऱ्या वडापच्या गाड्या मुंग्यांवाणी झाल्यात."

सलिमानं पोतं बाजूला केलं, तारा सोडल्या, नळकांडं उपसलं. एक स्क्रू गंजून बसला होता तो तिनं डाव्या हातानं फिरवला. उजव्यात तेवढं बळ नव्हतं. कुणी मदतीला उठलं नाही. कुलसुम तांदूळ निवडत राहिली. तिनं एकदाही मान वर केली नाही, आणि सलिमाला वाटलं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको मोटर पिशवीत घालून एस.टी.नं कोल्हापूरला निघाली. गाडीत ओल्या घोंगड्यांचा वास मावत नव्हता. सलिमानं पिशवी मांडीवर घेतली होती. एस.टी.च्या काचाही धुरकटल्या होत्या. शेजारच्या बाईचं लेकरू त्यावर बोटानं रेघोट्या ओढत होतं. इतकी वर्षं अशा काचा बघितल्या होत्या. कुणाच्या मनात आलं होतं?

तिला बाबालालचा बटाटा आठवला. पावसाळ्यात घाटाकडं निघाला की तो हमखास चुलीपाशी यायचा. "भाभी, एक बटाटा दे, चिरून."

"कशाला रं?"

"वाटंत भाजून खातो."

"मग चिरून कशाला?"

"बिगीनं भाजतोय."

घाटात पावसात ह्याला जाळ कोण देतंय, असं ती म्हणायची आणि बटाटा द्यायची. खादाड होता. नवसागराच्या धुरात बसूनसुद्धा त्याला भूक लागायची.

गणपतरावाचं दुकान तालमीच्या भिंतीला टेकून होतं. एक खण, त्यात जळालेल्या मोटरी, तांब्याच्या तारांची भेंडोळी, आणि मध्ये गणपतराव. त्यानं मोटर हातात घेऊन हुंगली. "ही मीच काढली हुती की. काय हाल केल्यासा ओ हिचं. कोळसा खाऊन बसलीया."

त्यानं ती उघडली. आतून काळी भुकटी पडली. तांब्याचा गोल, ज्यावर वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे घासतात, तो काळाठिक्कर झाला होता. कार्बन झिजून नखाएवढे उरले होते. गणपतराव पेट्रोलच्या वाटीत ब्रश बुडवून धूत बसला, बारीक पात्यानं तांब्याच्या फटी कोरत बसला. त्या मापाचे कार्बन नव्हते. दुसऱ्या मोठ्या मोटरीचे घेतले, कानशीनं घासून, फुंकर मारून, परत घासून त्या खाचेत बसवले. सलिमा दाराशी उकिडवी बसून बघत होती. हिच्या पोटात एवढी घाण होती आणि तरी ही रोज फिरत होती, असं तिला वाटलं. बाईमाणसासारखीच आहे की.

"गेल्या पावसात आलता बाबालाल," गणपतराव मान खाली घालून बोलला. "वाईट झालं. लई चांगला गडी."

"कशाला आलता?" लालासाबनं विचारलं.

"ह्यासाठीच. म्हणाला, काच धुरकटती, ही मोटर त्याच्यासाठी असती हे आता कळलं. तसली दुसरी बघा. म्या म्हटलं, दुसरी कुठली आणू बाबा, तीच आण, बसवून देतो. तर म्हणाला, ती न्हाय मिळायची."

कानस थांबली होती. बाहेर तालमीत कुणीतरी कुणाला पेठेतल्या फुटबॉलवरून मोठ्यानं शिव्या घालत होतं.

"न्हाय मिळायची, म्हणाला?" सलिमानं विचारलं.

"व्हय. म्या म्हटलं इकली असंल. जास्त इचारलं न्हाय."

लालासाबनं बायकोकडं बघितलं. सलिमा कार्बनच्या भुकटीकडं बघत होती. तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी व्हायला पाहिजे. छाती भरून यायला पाहिजे. झालं काहीच नाही. उलट भूक लागली, आणि त्या भुकेची तिला लाज वाटली.

गणपतरावानं मोटर बॅटरीला लावली. ती कण्हली आणि फिरायला लागली, आधीपेक्षा बारीक आवाजात. "मोटर झकास झाली," तो म्हणाला. "खरं पंखा गेलाय. निम्मी पाती मोडल्यात. पंखा माझ्याकडं न्हाय."

"पंखा मी करतो," लालासाब म्हणाला. दुकानात आल्यापासून त्यानं पहिल्यांदा सरळ आवाज काढला.

त्यानं दोन दिवस त्या पंख्यावर घातले. तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, पाती एकेक करून वाकवली, दोन कड्यांमध्ये उभी करून कथलाच्या डागानं जोडली. पिंजऱ्यासारखा गोल पंखा. सुतळीवर टांगून फिरवून बघायचा, एका बाजूला जड झाला की कानस मारायचा. हाताला कला होती, तोंडाला नव्हती.  एकदा काम करता करता सलिमाला म्हणाला, "मला बी ठाव न्हवतं गं."

"कुणालाच न्हवतं," ती म्हणाली.

"त्याला हुतं की."



ती माळ्यावरून जुना भाता काढून बसली होती. कातडं वाळून कडक झालं होतं, एका कोपऱ्याला उंदरांनी खाल्लं होतं. तिनं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं, शेंगतेल चोळचोळून कातडं मऊ केलं. ओढून बघितला. पहिल्या ओढीलाच खांद्यात कळ उठली ती मानेपर्यंत गेली. दुसऱ्या ओढीला हाताला आपलं जुनं वळण आठवलं. तिला कळ लागली ते बरं वाटलं. कुठंतरी काहीतरी लागत होतं.

श्रावणाच्या आधी गावात भांडी निघतात. नागपंचमीपासून घरोघर सणांचे स्वयंपाक सुरू व्हायचे, त्याच्या आत पितळ्या आणि पातेली पांढरी व्हायला पाहिजेत. तसं स्टीलनं निम्मा धंदा खाल्लाच होता, तरी जुन्या घरांत अजून पितळ होतं. पाऊस उघडला तशी दोघं केरबा पाटलाच्या वाड्यापुढं छपरीत जाऊन बसली. भट्टीचा खड्डा केला, भात्याचं तोंड मातीत पुरलं आणि सलिमानं ओढायला सुरुवात केली.

बायडाबाई, केरबाची बायको, पातेलं घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्ये काय गं सलिमा? मोटर कुठाय?"

"गाडीला लावायची."

"गाडीला? इकली म्हण की सरळ. गल्लीभर मिरवत हुतीस, मोटरवर कल्हई, मोटरवर कल्हई. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा."

आजूबाजूच्या बायका हसल्या. सलिमाही ओठातल्या ओठात हसली, कारण हसायचं असतं. भाता ओढत राहिली. पण खांदा साथ देईना. एक ओढ दांडगी बसायची, दुसरी अर्धीच. जाळ कमीजास्त व्हायचा. लालासाब चिमट्यात पातेलं धरून तिच्याकडं बघायचा. त्यानं नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथील लावलं, कापसाच्या बोळ्यानं फिरवलं. तेवढ्यात जाळ बसला. कथील अर्ध्यावर गोठलं. पातेल्याच्या पोटात एका बाजूला चांदी आणि दुसऱ्या बाजूला काळा डाग.

बायडाबाईनं पातेलं उलटंसुलटं करून बघितलं आणि भट्टीपुढं ठेवलं. ठेवलं म्हणजे टाकलंच. "ह्यात मी दूध तापवू? परत कर. आणि त्या बाईला उठीव बाबा तिथनं, दुसरं कुणी बशीव. हात बघ तिचा."

"जाळ मोठा कर गं," लालासाब एवढंच म्हणाला, हळू आवाजात.

सलिमानं डावा हात उजव्याखाली घातला, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि सगळं अंग मागं टाकून ओढली. पातेलं पुन्हा तापलं, पुन्हा धूर उठला. या खेपेला कथील नीट बसलं. बायडाबाई पातेलं घेऊन आत गेली. येताना सलिमासाठी फुलपात्रातनं ताक घेऊन आली आणि म्हणाली, "खोबरेल लाव रातच्याला. चोळून लाव." सलिमानं ताक डाव्या हातानं घेतलं. उजवा अजून भात्याच्या दांडीवर होता.

त्या संध्याकाळी अंगणात मडमेच्या गाडीचं काम झालं. हंबीरराव डॅशबोर्डाखाली पाय बाहेर काढून पालथा-उताणा होत होता. लालासाब त्याला पाने देत होता. आधी त्यांनी पत्र्याचा डबा उघडला, त्यात उंदरानं केलेलं काथ्याचं घरटं निघालं. ते काढलं. मग मोटर, तिच्या दांडीवर लालासाबचा पंखा. जोडून टाकलेल्या रबरी नळ्या सोडवल्या, इंजिनाचं गरम पाणी पुन्हा डब्यातल्या जाळीतनं फिरेल असं केलं. तारांना चिकटपट्टी लावली.

"दाबा बटण," हंबीरराव आतून ओरडला.

दाबायला कुणी पुढं झालं नाही. शेवटी कुलसुमनं दारातून हात आत घालून दाबलं. फटीतनं भसकन धूळ आली, ती कुलसुमच्या ओढणीवर बसली. मग वारा यायला लागला. कुलसुम हात तसाच धरून उभी राहिली.

"नवसागराचा वास येतोय," ती म्हणाली.

"जाईल चार दिसांनी," लालासाब म्हणाला.

गाडी घाटाकडं निघायच्या दिवशी इमामबीनं मलिदा केला. लेक जिथं गेला तिथं त्याच्या नावानं फातिया द्यायची, दुवा मागायची, मगच ह्या लाइनीला गाडी लावायची, असं तिनं सांगितलं होतं. कुलसुम म्हणाली, मी येतो. नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीचे दिवस ती घरातच होती आणि नंतरही त्या रस्त्याकडं कधी गेली नव्हती. सलिमा म्हणाली, मी बी येतो. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

निघता निघता ती चुलीपाशी गेली. गाडी घाटाकडं निघाली की हाताला सवय होती. तिनं दुरडीतला एक बटाटा घेतला, विळीवर चिरून दोन फाकी केल्या आणि पदराच्या टोकात बांधल्या. बांधून झाल्यावर तिला कळलं आपण काय केलं. सोडायचं मनात आलं, पण बाहेरून हंबीररावनं हॉर्न दिला.

पुढच्या बाकावर हंबीरराव, मध्ये कुलसुम, खिडकीकडं सलिमा. मागं लालासाब मलिद्याचा डबा घेऊन, आणि कोल्हापुरात भरलेल्या शिटा. कळ्याला काही उतरले, काही चढले. असळज मागं पडलं तसा रस्ता ढगात शिरला. झाडं गेली, शेतं गेली, नुसतं पांढरं उरलं. मागची माणसं ओल्या अंगांनी दाटून बसली होती. बघता बघता पुढची काच आतून धुरकटली. आधी कडांना, मग मधोमध. वायपर बाहेर फिरत होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. सलिमाला समोर काही दिसेना. आपल्या नाकातोंडातून निघालेला श्वास तिथं जाऊन बसतोय, हे तिला दिसलं. तिनं श्वास धरला.

हंबीररावनं बटण दाबलं.

मोटर कण्हली. सलिमाला तो आवाज झोपेतही ओळखता आला असता. मग ती सुरात लागली, काचेच्या बुडातल्या फटीतनं गरम वारा सुटला, आणि त्याबरोबर नवसागराचा आणि कोळशाचा वास. काचेच्या बुडाशी एक मोकळी पट्टी झाली. ती हळूहळू वर चढत गेली. रस्ता दिसायला लागला, कडेचे पांढरे दगड दिसायला लागले, लांबचं वळण दिसलं.

"बगा," हंबीरराव म्हणाला. "एवढंच असतंय."

सलिमानं पदराची गाठ सोडली. काहीतरी करायचं म्हणून सोडली. बटाट्याच्या फाकी तिच्या हातात आल्या, कापलेली बाजू तांबूस पडायला लागली होती.

"ह्ये काय काढलासा वैनी?"

"बटाटा. त्यो न्यायचा. वाटंत भाजून खायाला."

हंबीररावनं एकदा तिच्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. "भाजून कशाचा खातोय. चिरलेला बटाटा काचंला घासत्यात, आतनं. जरा येळ काच धुरकटत न्हाय. चार वळणं ऱ्हाती, मग परत घासायची. मोटर नसंल त्या गाडीवाल्याचा इलाज त्यो. आता नगो, द्या टाकून भाईर."

सलिमानं टाकला नाही. तिनं फाकी मुठीत धरल्या. म्हणजे दरवेळी चुलीपाशी येऊन तो हेच मागत होता. मोटर जिच्याकडं होती तिच्याचकडं बटाटा मागत होता, आणि ती त्याला खादाड म्हणत होती.

"मला ठाव हुतं, आपा," कुलसुम म्हणाली. ती समोर बघत होती, आवाज तांदूळ निवडल्यासारखा एकसुरी होता. "बटाट्याचं बी, मोटरचं बी."

सलिमा तिच्याकडं वळली.

"मी म्हणत हुतो त्यास्नी, मागा. न्हायतर मी मागतो. रोज भांडत हुतो. तर म्हणायचे, मागितली की भाभी लगीच देणार. म्हणून तर मागत न्हाय."

मोटर फिरत होती. मागं कुणीतरी खोकलं.

"मग तू मागायची हुतीस की गं," सलिमा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"आलतो एकदा. तू भट्टीपुढं बसलीवतीस, मोटर चालू हुती. तू दोन्ही हात वर घेऊन आपली आपण वेणी घालत हुतीस. मग न्हाय मागितली."

हंबीररावनं गाडी हळू केली. काच स्वच्छ होती, त्यामुळं मोरी लांबूनच दिसली. साधी मोरी. एका बाजूचा कठडा फुटलेला, तिथं कुणीतरी नवे दगड रचलेले. खालून लाल पाणी जात होतं. इतकी साधी जागा असेल असं सलिमाला वाटलं नव्हतं. रस्ता तिथं जरासाच वळत होता. दिसत असतं तर लेकरूही वळलं असतं.

गाडी थांबली. लालासाब डबा घेऊन खाली उतरला, डोक्यावर रुमाल टाकून कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. कुलसुमला उतरायचं होतं. सलिमा दाराच्या बाजूला होती, ती हलल्याशिवाय वाट नव्हती. पण सलिमा हलली नाही.

तिनं बटाट्याची फाक उजव्या हातात घेतली. हात वर जाईना. तिनं डाव्या हातानं उजवं कोपर खालून धरून वर रेटलं, खांद्यात कळ उठली, तरी रेटलं, आणि फाक समोरच्या काचेवर टेकवून घासायला लागली. काचेवर पांढुरका ओरखडा उमटला, गरम वाऱ्यानं लगेच वाळला. ती त्याच्या शेजारी घासायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

"वैनी," हंबीरराव हळूच म्हणाला, "काच साफ हाय की."

"व्हय," सलिमा म्हणाली, आणि घासत राहिली.